अंधारातला नेम

आमच्या कोल्हापुरात गाडीच्या नंबरप्लेटवर चमकणारी अक्षरं चिकटवून देणाऱ्याच्या टपरीवर 'रेडियम' अशी पाटी असते. त्या टपरीत रेडियमचा कणही नसतो. असतो तो प्रकाश परतवणारा प्लास्टिकचा कागद. पदार्थ गेला आणि नाव मागे राहिलं. भौतिकशास्त्र शिकवण्याच्या तीस वर्षांत मी हा विनोद दरवर्षी वर्गात केला असेल. या शब्दामागचा इतिहास मात्र मी निवृत्तीनंतर वाचला, आणि तोही एका पिस्तुलामुळे.

माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसन गावी राहतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे उन्हाळाभर होतो. त्याच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या होत्या आणि त्याने रीतसर परवाना काढून एक पिस्तूल घेतलं होतं. त्या राज्यात दर पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो. सूनबाईंना ते घरात नकोच होतं. पण तो विषय जेवणाच्या टेबलावर कोणी काढत नसे. एके दिवशी तो मला म्हणाला, "काका, तुम्ही फिजिक्सवाले. रात्री नेम दिसावा म्हणून याला काय बसवू? ट्रिटियमचे ठिपके, लाल ठिपक्याची काच, लेझर की टॉर्च?" मी आयुष्यात एअरगनपलीकडे काही हाताळलेलं नाही. पण प्रश्न प्रकाशाचा होता, म्हणून मी वाचायला बसलो.

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो उंचवटा असतो त्याला आपल्याकडे शिकारी माशी म्हणत. मागच्या खाचेत ही माशी बसवायची आणि ती लक्ष्यावर धरायची, एवढाच नेमाचा सिद्धांत. अंधारात पहिली नाहीशी होते ती ही काळी माशी. लक्ष्याचा आकार अंधुक का होईना दिसतो. माशी दिसत नाही. शिवाय अंधारात बाहुली रुंदावते, त्यामुळे जवळचं आणि लांबचं एकदम स्पष्ट दिसणं आणखी कठीण होतं. चाळिशीनंतर तर बोलायलाच नको.

हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत शिकार करणाऱ्या इंग्रजांसाठी रिग्बीसारखे कारागीर रायफलीवर एक जादा माशी बसवून देत. पांढऱ्या हस्तिदंताची किंवा रानडुकराच्या सुळ्याची, चांदण्यात उभी करायची. चांदणं नसेल तर तिचा काही उपयोग नसे. 1926च्या मेच्या सुरुवातीला रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याला जिम कॉर्बेटने मारलं ते रायफलीला जोडलेल्या विजेच्या टॉर्चच्या उजेडात. झाडाखाली बांधलेल्या बोकडाची घंटा वाजली, बटण दाबलं, जनावर दिसलं, गोळी सुटली आणि लगेच टॉर्चही विझला. ही गोष्ट मी शाळेत असताना वाचली होती. तेव्हा मला गोळीचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, त्या क्षणभराच्या उजेडाने कॉर्बेटला माशी दिसलीच, पण समोर बिबळ्याच आहे हेही दिसलं.

अंधारात स्वतःहून चमकणारी माशी रेडियममुळे शक्य झाली. आणि ही कथा माझ्या पुतण्याच्या दारातूनच जाते. एडिसन या गावाचं जुनं नाव रॅरिटन टाउनशिप. 1954 साली ते बदललं, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. तिथे 1879पासून काम केलेला विल्यम हॅमर 1902 साली पॅरिसला क्यूरी दांपत्याला भेटला आणि थोडं रेडियम घेऊन परतला. जस्ताच्या सल्फाइडमध्ये ते मिसळून त्याने चमकणारा रंग केला. पुढे साबिन फॉन सोकॉकी या डॉक्टराने त्याचा धंदा उभारला. 1917 साली त्याची कंपनी ऑरेंज गावात आली. एडिसनपासून मोटारीने तासाभराच्या आतलं हे अंतर. अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरली होती. खंदकातल्या सैनिकाला मनगटावरचं घड्याळ, होकायंत्र, विमानातली यंत्रं आणि बंदुकीची माशी, सगळंच रात्री दिसायला हवं होतं.

हे रंगवायला तरुण मुली होत्या. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायचं, रंगात बुडवायचं, रंगवायचं, पुन्हा ओठांत. दिवसाला अडीचशे तबकड्या. रेडियम रसायनाच्या दृष्टीने कॅल्शियमचा भाऊबंद. शरीर त्याला हाडांत नेऊन साठवतं. 1922 साली मॉली मॅगिया गेली तेव्हा तिचा जबडा अक्षरशः निखळून आला होता. 1925 साली सरकारी वैद्यक हॅरिसन मार्टलँड यांनी कारण सिद्ध केलं. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी दावा लावला आणि 1928 साली तडजोडीत प्रत्येकीला दहा हजार डॉलर व वर्षाला सहाशे डॉलर मिळाले. त्याच वर्षी सोकॉकीही रक्ताच्या विकाराने वारला. ज्याने रंग केला त्यालाही रंगाने सोडलं नाही. या गावांच्या आसपास कारखान्याची माती भरावाला वापरली गेली होती. माँटक्लेअर, ग्लेन रिज, वेस्ट ऑरेंज इथल्या घरांखालून ती उपसून काढायला सरकारला नवं शतक उजाडलं.

माझ्या आजीच्या गजराच्या घड्याळाचे काटे असेच हिरवे होते. आता ते चमकत नाहीत. रेडियम संपलं म्हणून नव्हे, त्याचा अर्धायुकाल सोळाशे वर्षांचा आहे. किरणांच्या माऱ्याने जस्ताच्या सल्फाइडचे स्फटिकच मेले. चमक गेली, विष राहिलं. मी ते घड्याळ कपाटात ठेवलं आहे. उघडायला कोणाला देत नाही.

ट्रिटियम हे नंतरचं उत्तर. हायड्रोजनचा हा किरणोत्सारी भाऊ 1934 साली रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी केंब्रिजला तयार केला. त्याचे किरण इतके दुबळे की कातडीही भेदत नाहीत. आतून चमकद्रव्य लावलेल्या काचेच्या नळीत हा वायू भरून ती बंद केली की विजेशिवाय वर्षानुवर्षं उजेड मिळतो. बर्नजवळच्या एका स्विस कारखान्याने तांदळाच्या दाण्याहून बारीक नळ्या बनवल्या. 1970च्या दशकात इस्रायलच्या गॅलिल रायफलीला रात्री उभी करायची अशी माशी होती. ब्रिटिशांच्या ट्रायलक्स दुर्बिणीतही ट्रिटियम होतं. 1980च्या दशकात ते पिस्तुलांवर आलं. माशीवर एक ठिपका, मागे दोन. अर्धायुकाल बारा वर्षं आणि वर चार महिने, म्हणजे तेवढ्या काळात उजेड निम्मा. घाबरलेल्या माणसाला तीन सारख्या ठिपक्यांतला मधला कोणता हे चटकन कळत नाही, म्हणून पुढे मागचे ठिपके मंद किंवा वेगळ्या आकाराचे झाले.

लाल ठिपक्याची काच म्हणजे डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबची 1900 सालची कल्पना. स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 साली ती विजेवर बाजारात आणली. लेझर 1984च्या 'टर्मिनेटर' चित्रपटाने घरोघरी पोचवला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

यापेक्षा मला फेअरबर्न हा माणूस महत्त्वाचा वाटतो. शांघायच्या महानगर पोलिसात, जिथे आपले शीख शिपाईही मोठ्या संख्येने होते, त्याने बरीच वर्षं नोकरी केली आणि साइक्ससोबत 1942 साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की खऱ्या झटापटी काही हातांवर, अपुऱ्या उजेडात, क्षणार्धात होतात; तिथे माशी कोणी पाहतच नाही. म्हणजे ज्या प्रसंगासाठी लोक चमकणारे ठिपके विकत घेतात, त्या प्रसंगी ते डोळ्यांना दिसतीलच असं नाही. यावर जाणकारांत वाद आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो, कारण काही हातांवर नेम चुकण्यापेक्षा माणूस चुकण्याचा धोका मोठा.

ऑक्टोबर 1992मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे योशिहिरो हातोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या मेजवानीला निघाला आणि चुकीच्या दारावर गेला. अंगात नाचाचा पांढरा सूट होता. घरमालकाने 'फ्रीझ' म्हणून दरडावलं; मुलाला ते बहुधा कळलं नाही. तो पुढे आला आणि दीडएक मीटरवरून गोळी बसली. नेम अचूक होता. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला, दिवाणी दाव्यात हरला. मुलाच्या आईवडिलांनी घरांतल्या बंदुकांविरुद्ध लाखो सह्या गोळा केल्या.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. ट्रिटियमचा ठिपका पिस्तूल कुठे रोखलंय ते सांगतो, समोर कोण आहे ते नाही. ते टॉर्च सांगतो. पण पिस्तुलालाच बसवलेला टॉर्च असेल तर पाहण्यासाठी आधी पिस्तूल रोखावं लागतं. मग टॉर्च हातात वेगळा का नको? तो म्हणाला, "विचार करतो."

त्या उन्हाळ्यात माझी झोप कोल्हापूरच्या वेळेनेच चालली होती. एका पहाटे तीनला मी चहा करायला खाली स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला नाही. सगळे उठतील म्हणून. आधण ठेवताना झाकण हातून निसटलं. वर दार उघडल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं आली आणि थांबली. मी तिथेच उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना. जे मी महिनाभर कागदावर मांडत होतो ते सगळं एकदम डोक्यात आलं.

"काका?" वरून आवाज आला.

"हो रे, मीच," मी म्हणालो.

मग जिन्यावरचा दिवा लागला. त्याच्या डाव्या हातात टॉर्च होता. उजवा हात पाठीमागे होता; त्यात काय होतं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. "मलाही अर्धा कप टाका," एवढंच म्हणाला.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून जिना, स्वयंपाकघर आणि मागचं दार इथे माणूस आला की आपोआप लागणारे दिवे बसवले. शिडी मी धरली होती. पिस्तुलावर ट्रिटियमचे ठिपके त्याने बसवलेच. ते आता बोटांच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीत असतं.