वेढ्यात सापडलेल्यांनी लिहिलेला इतिहास

लढाईचा इतिहास बऱ्याचदा लढाई न पाहिलेली माणसं लिहितात. आज आम्ही अशा दोघांची गोष्ट सांगणार आहोत, ज्यांनी ती धामधूम स्वतः सोसली.

पहिला रोमचा. अम्मियानस मार्सेलिनस हा रोमी फौजेतला अधिकारी. इसवी सन 359 मध्ये इराणच्या राजाने अमिदा शहराला वेढा घातला, तेव्हा तो आत अडकला. 73 दिवसांनी शहर पडलं आणि तो रात्री दोन सोबत्यांबरोबर निसटला. वाटेत तहानेने जीव जायची वेळ आली. खोल विहीर सापडली, पण दोर नव्हता. मग त्यांनी अंगावरचे कपडे फाडून चिंध्या जोडल्या, टोकाला टोपी बांधून खाली सोडली आणि ओली टोपी पिळून पाणी प्यायले. पुढे त्याने रोमचा मोठा इतिहास लिहिला. त्यात राजांच्या लढायांबरोबर ही टोपीही आहे.

दुसरा आपला, कृष्णाजी अनंत सभासद. हा तलवारीचा नव्हे, दरबारातला माणूस. 1689 नंतर राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर होते. आपल्या तळेगावचे खंडेराव दाभाडेही त्यांच्याबरोबर गेले होते. मोगलांचा वेढा काही वर्षं चालला. त्याच काळात महाराजांच्या सांगण्यावरून सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली. फौज दसऱ्याला निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई, परतल्यावर झडती होई, जास्त निघालं तर पगारात वळतं होई. मोहिमेत बायका-पोरांना धरायचं नाही, हा दंडक. हे सारं त्याने लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला सांगता येतं.

आता खंडेरावांच्या घरची गोष्ट. 1729 मध्ये ते वारले. 1731 मध्ये डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला. त्यानंतर उमाबाई दाभाडे यांनी सेनापतिपदाचा कारभार हाती घेतला आणि त्या अहमदाबादेवर फौज घेऊन गेल्या. पण त्यांनी स्वतः सांगितलेली बखर आपल्याजवळ नाही. मुलगा गेल्यावर घोड्यावर बसताना त्या बाईच्या मनात काय होतं, हे कोणाला विचारायचं?

आपल्या गटाच्या वहीत हप्ता असतो, व्याज असतं. पण पाण्यासाठी ग्रामसभेत पहिल्यांदा कोण उठून बोललं, कोणाच्या घरी त्यावरून भांडण झालं, ते नसतं. पुढच्या बैठकीपासून दोन पानं त्यासाठी ठेवा. ज्या आजीला लिहिता येत नाही तिने सांगावं, नातीने लिहावं. आणि तारीख घालायला विसरू नका. सभासदाने तारखा फार कमी दिल्या, त्यामुळे अभ्यासकांना अजून ताळा घालत बसावं लागतं.