जाणूनबुजून चुकवलेली दिशा

साहसी प्रवाशांत फ्रान्सिस चिचेस्टर मला विशेष प्रिय. अठराव्या वर्षी, १९१९ साली तो इंग्लंडहून न्यूझीलंडला गेला. तेथे मजुरीही केली. १९३१ मध्ये त्याने एकट्याने विमानातून टास्मान समुद्र ओलांडला. इंधनासाठी वाटेत नॉरफोक हे इवलेसे बेट गाठायचे होते. सरळ जाऊन ते दिसलेच नाही, तर डावीकडे वळावे की उजवीकडे? म्हणून मुद्दामच तो एका बाजूस गेला आणि सूर्याचा कोन जुळताच बेटाकडे वळला. १९६६-६७ मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, केवळ सिडनीला थांबून शिडाच्या नौकेतून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अक्षांश-रेखांश शिकवताना मुलांना मी सांगतो : नकाशावरचा ठिपका गाठायचा, तर आपली चूक किती होईल याचाही हिशेब आधी मांडावा लागतो.