मोटारभंगार-वास्तुरचना

मोडीत निघालेल्या मोटारगाड्यांचे टप, काचा, टायर इत्यादी अवयव वितळवून वा दळून पुन्हा कच्चा माल न बनवता, मूळ आकारातच इमारतीची भिंत, छप्पर वा आच्छादन यांसाठी योजण्याची पद्धती. भट्टीत घातलेल्या पत्र्याचा धातू परत मिळतो खरा, परंतु त्यास बाक देण्यात जी ऊर्जा व कारागिरी पूर्वीच खर्ची पडलेली असते ती मिळत नाही. ती राखणे हेच या पद्धतीचे मुख्य प्रयोजन होय.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडॅडजवळ १९६५ मध्ये काही तरुण कलावंतांनी वसवलेल्या ड्रॉप सिटी या वसाहतीत, बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटरचनेपासून स्फूर्ती घेऊन बांधलेल्या घुमटांवर, भंगारातील गाड्यांचे कुऱ्हाडीने तोडलेले टप बसवले होते. न्यू मेक्सिकोतील टाओस येथे मायकेल रेनॉल्ड्स यांनी टायरांत माती घण मारून ठासून जाड भिंती रचल्या. दिवसा साठलेली उष्णता या भिंती रात्री घरात सोडतात, आणि थंड, कोरड्या, उन्हाच्या त्या मुलखात ही युक्ती शोभते. दमट प्रदेशात तिची सरसकट नक्कल करणे शहाणपणाचे नाही.

या पद्धतीचा सर्वांत सुविचारित नमुना मात्र अलाबामातील हेल परगण्यात, मेसन्स बेंड या अत्यंत गरीब वस्तीत आहे. ऑबर्न विद्यापीठाच्या ‘रूरल स्टुडिओ’ने (स्थापना १९९३, संस्थापक सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ) तेथे २००० मध्ये जे समाजगृह बांधले, त्यासाठी विद्यार्थ्यांनी शिकागोच्या एका भंगारखान्यातून शेव्हरोले कॅप्रिस गाड्यांच्या ८० पुढच्या काचा अवघ्या १२० डॉलरांत आणल्या. स्थानिक मातीच्या ठोकीव भिंतींवर उभ्या केलेल्या सांगाड्यास या काचा कौलांप्रमाणे एकीवर एक चढवून जडवल्या आहेत. एकाच गाडीच्या काचा घेण्यात मोठे मर्म आहे, कारण बाक सर्वत्र सारखा असल्यावाचून सांधे जुळत नाहीत. शिवाय पुढची काच दोन थरांत प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. त्यामुळे तिची पुनर्प्रक्रिया जिकिरीची होते खरी, पण ती फुटली तरी तुकडे पापुद्र्यालाच चिकटून राहत असल्याने डोक्यावरच्या आच्छादनास ती योग्य ठरते. दाराची काच बहुधा कडक केलेली असते. ती कापू गेल्यास तिचा चुरा होतो, म्हणून ती आहे त्याच मापात वापरावी लागते. येथे वास्तुकाराने आधी नकाशा काढून मग माल मागवायचा हा बांधकामाचा दस्तूर उलटा होतो: भंगारखान्यात काय उपलब्ध आहे ते पाहून नकाशा काढावा लागतो.

अशा बांधकामात मालमसाला स्वस्त आणि मेहनत अफाट असते. सुटे भाग निवडणे, धुणे, भोके पाडणे, सांधे बंद करणे ही कामे कंत्राटदाराच्या रोजंदारीने करवल्यास बचत बहुतांशी मजुरीत जिरते. तेव्हा या इमारतींच्या अल्प खर्चाचे आकडे वाचताना विद्यार्थ्यांचे व स्वयंसेवकांचे विनामोबदला श्रम जमाखर्चात धरले आहेत की नाहीत, हे वाचकाने आधी पाहावे.