पुण्यातील एचआयव्ही लस चाचण्या

पुण्याजवळील भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (नारी) एचआयव्ही-प्रतिबंधक लशींच्या पहिल्या टप्प्यातील मानवी चाचण्या घेण्यात आल्या. २००५ साली येथे सुरू झालेली चाचणी ही भारतातील अशा प्रकारची पहिली चाचणी होय. शरीरातील पेशीय प्रतिकारशक्ती जागृत करणे हा या लशींचा मुख्य उद्देश होता.

पार्श्वभूमी

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास (आताचे चेन्नई) येथे आढळला. १९९२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 'नारी'ची स्थापना केली. भारतात या विषाणूचा 'सी' हा उपप्रकार सर्वाधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत 'बी' उपप्रकाराचे प्राबल्य असल्याने भारतासाठी 'सी' उपप्रकारावर आधारित लशीची गरज भासू लागली.

पेशीय प्रतिकारशक्ती

प्रतिपिंडे पेशींबाहेरील विषाणूंना अडवतात, तर सीडी८ टी पेशी संसर्ग झालेल्या पेशी ओळखून त्या नष्ट करतात. या कार्यात सीडी४ टी पेशी साहाय्य करतात. परंतु एचआयव्ही नेमक्या याच पेशींवर हल्ला करतो. संसर्गानंतर काही आठवड्यांनी सीडी८ पेशींची संख्या वाढली की रक्तातील विषाणूंचे प्रमाण घटते. माकडांवरील प्रयोगांत या पेशी काढून टाकल्यावर विषाणू पुन्हा वाढल्याचे दिसून आले. त्यामुळे सीडी८ पेशींना आधीच सज्ज करणारी लस संसर्ग पूर्णपणे टाळू शकली नाही, तरी विषाणूला आटोक्यात ठेवील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. मात्र एचआयव्ही सतत उत्परिवर्तित होऊन या पेशींना चकवतो, तसेच काही पेशींमध्ये सुप्त अवस्थेत दडून राहतो.

चाचण्या

पहिली चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये 'टीजीएएसी०९' या लशीने सुरू झाली. आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम (आयएव्हीआय) आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) यांचा तीत सहभाग होता. मानवात रोग न उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचा वाहक म्हणून उपयोग करून 'सी' उपप्रकाराची काही जनुके शरीरात पोहोचवली जात. लशीत संपूर्ण एचआयव्ही नसल्याने तिच्यापासून संसर्ग होणे शक्य नव्हते. ३० निरोगी स्त्री-पुरुषांनी चाचणीत भाग घेतला. लस सुरक्षित ठरली. परंतु तिने उत्पन्न केलेला पेशीय प्रतिसाद क्षीण होता.

२००९ साली पुणे व चेन्नई येथे ३२ स्वयंसेवकांवर दुसरी चाचणी सुरू झाली. एका गटाला प्रथम 'अ‍ॅडव्हॅक्स' ही डीएनए लस व नंतर 'टीबीसी-एम४' ही लस, तर दुसऱ्या गटाला केवळ 'टीबीसी-एम४' देण्यात आली. 'टीबीसी-एम४'मध्ये देवीच्या लशीसाठी पूर्वी वापरलेला, दुर्बल केलेला विषाणू वाहक होता. दोन्ही पद्धती सुरक्षित ठरल्या व त्यांनी पेशीय प्रतिसादही उत्पन्न केला.

स्वयंसेवक व संमती

पहिल्या टप्प्यातील चाचणीत लशीची सुरक्षितता तपासली जाते. सहभागी व्यक्तीला संरक्षण मिळेल, अशी हमी नसते. म्हणून सर्व माहिती देऊन लेखी संमती घेणे बंधनकारक असते. काही लशींमुळे संसर्ग नसतानाही नेहमीची एचआयव्ही चाचणी सकारात्मक येऊ शकते. अशा निष्कर्षामुळे विवाह, नोकरी किंवा विमा यांत अडचणी येण्याचा संभव असतो. म्हणून स्वयंसेवकांना याची पूर्वकल्पना देणे व खरा संसर्ग ओळखणाऱ्या तपासणीची सोय करणे आवश्यक ठरते.

पुढील संशोधन

मुख्यतः पेशीय प्रतिसादावर विसंबलेली 'स्टेप' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००७ साली थांबवण्यात आली. त्या लशीने संरक्षण दिले नाही. उलट लस घेतलेल्या काही पुरुषांत संसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. २००९ साली थायलंडमधील चाचणीत संसर्गाचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तथापि तिच्या धर्तीवर दक्षिण आफ्रिकेत घेतलेली चाचणी २०२० साली निष्फळ ठरली. त्यानंतर व्यापक परिणामकारक प्रतिपिंडे व पेशीय प्रतिसाद या दोहोंना एकत्र चालना देण्यावर संशोधकांचा भर आहे. एचआयव्हीवरील कोणत्याही लशीला अद्याप वापरासाठी मान्यता मिळालेली नाही.