प्रतिसरकार ते लोकसभा : नाना पाटील आणि १९५७ चा सातारा

१९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत सातारा लोकसभा मतदारसंघातून नाना रामचंद्र पाटील हे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार निवडून आले. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे याच जिल्ह्यातील कराडचे होते, आणि काँग्रेसच्या संघटनेची मुळे येथे खोलवर गेलेली होती. तरीही साताऱ्याने ज्याला दिल्लीस पाठवले, तो गावच्या शाळेत शिकलेला, कधीकाळी तलाठ्याची नोकरी केलेला आणि पुढे ब्रिटिश सरकारने डोक्यावर बक्षीस लावलेला एक शेतकरी होता. संसदीय राजकारणाच्या दृष्टीने ही निवड अनपेक्षित होती. मात्र सातारा-सांगली परिसराचा त्याआधीच्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर बाहेरचा वाटणारा हा उमेदवार या मुलखात आधीच एकदा राज्यकर्ता म्हणून स्वीकारला गेला होता, आणि मतपेटीने त्या जुन्या स्वीकृतीवर कायदेशीर शिक्का उमटवला, असे दिसून येते.

नाना पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. त्यांचे गाव वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्र. त्या काळी सातारा जिल्हा एकसंध होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी त्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. गावचे जमीनदप्तर सांभाळणारा आणि शेतसाऱ्याचा हिशेब ठेवणारा कर्मचारी म्हणजे तलाठी; शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे कशी जाते आणि सरकारी कागद कोणाच्या बाजूने बोलतो, हे त्याच्याइतके जवळून फार थोड्यांना दिसत असे. ही नोकरी सोडून १९३० च्या सविनय कायदेभंगात उतरलेल्या नाना पाटील यांनी पुढील बारा वर्षे तुरुंग आणि खेडी यांच्या दरम्यान घालवली.

या खेड्यांची मशागत त्यांच्या आधीच झालेली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची चळवळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सातारा जिल्ह्यात जलशांच्या, म्हणजे गाणी व संवाद यांतून प्रबोधन करणाऱ्या लोकनाट्याच्या, द्वारे गावोगाव पोहोचली होती, आणि १९२० च्या आसपास येथील कुळांनी व शेतकऱ्यांनी सावकार आणि जमीनदार यांच्याविरुद्ध उघड संघर्ष केला होता. १९३० मध्ये शिराळा भागातील बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाला. नाना पाटील यांच्या विचारात सत्यशोधकांची समतेची दृष्टी आणि गांधीजींच्या आंदोलनाचे मार्ग एकत्र आले. ग्रामीण बोलीतून, रोजच्या शेतीतील दाखले देत केलेल्या त्यांच्या भाषणांनी ही सांगड निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचवली.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाल्यानंतर जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. २४ ऑगस्टला कराड आणि ३ सप्टेंबरला तासगाव येथे ते शांततेत पार पडले. परंतु ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला व माणसे मारली गेली. निःशस्त्र मोर्चाचा मार्ग बंद झाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले. प्रतिसरकार म्हणजे परकीय सत्तेला समांतर अशी लोकांनी चालवलेली शासनव्यवस्था. कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाई भागातील किसन वीर, पांडू मास्तर अशा अनेकांनी ती चालवली आणि नाना पाटील हे तिचे सर्वमान्य नेते ठरले. कुंडल हे गाव औंध संस्थानात होते, आणि १९३९ मध्ये संस्थानिकांनी आपल्या प्रजेस ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना दिली होती. त्यामुळे ब्रिटिश मुलखाच्या मधोमध विखुरलेल्या या संस्थानी गावांत भूमिगतांना आसरा मिळाला, शिवाय स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा अनुभवही तेथील लोकांपाशी होता.

प्रतिसरकारचे दीर्घकालीन महत्त्व रेल्वे लुटण्यापेक्षा किंवा धुळ्याच्या सरकारी खजिन्यावर १९४४ मध्ये घातलेल्या छाप्यापेक्षा त्याच्या दैनंदिन कारभारात अधिक आहे. तुफान सेना हे त्याचे संरक्षक दल होते, तर न्यायदान मंडळे ही गावातील तंटे गावातच मिटवणारी पंचायत होती. जमिनीचे वाद, सावकारांनी गिळलेली शेते, नांदवण्यास नकार दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारी आणि दरोडेखोरांचा उपद्रव यांचे निवाडे तेथे होत. गुन्हेगार व पोलिसांचे खबरे यांना तळपायावर मार देण्याची जी शिक्षा असे, तिच्यावरून ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले. दारूबंदी आणि ‘गांधी विवाह’ म्हणजे हुंडा, मानपान व कर्ज टाळून अत्यल्प खर्चात लावलेली लग्ने, हीही या राजवटीचीच कामे होती. या शिक्षांत कठोरपणा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि सामान्य कुळाला आपल्या भाषेत, आपल्या दारी आणि पैसा न खर्चता न्याय मिळू शकतो, याचा प्रत्यय या भागाने स्वातंत्र्यापूर्वीच घेतला. १९४६ मध्ये नाना पाटील प्रकट झाले तेव्हा त्यांच्या सभांना लोटलेल्या गर्दीत हाच प्रत्यय बोलत होता.

स्वातंत्र्यानंतर मात्र सत्तेची वाट वेगळ्या दिशेने गेली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मतदानाचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता, त्यामुळे ज्या कुळांनी, शेतमजुरांनी आणि विशेषतः ज्या स्त्रियांनी भूमिगतांना भाकरी, निवारा व निरोप पुरवले, त्यांपैकी बहुसंख्य मतदारयादीबाहेर राहिले. प्रतिसरकारच्या पिढीचेही रस्ते फुटले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील व किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात गेले, त्या पक्षातील फुटीनंतर कामगार किसान पक्षाच्या मार्गाने कम्युनिस्ट पक्षात पोहोचले आणि १९५५ मध्ये डहाणू येथील अधिवेशनात अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले.

या प्रवासात एक विसंगती होती आणि तिचा विचार टाळता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघ उतरल्यावर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानून ‘चले जाव’ आंदोलनास विरोध केला होता. त्याच आंदोलनाचा साताऱ्यातील सर्वांत मोठा नायक आता त्या पक्षाच्या चिन्हावर मत मागत होता. मतदारांनी ही विसंगती अडसर मानली नाही, याचा अर्थ त्यांनी पक्षाच्या भूतकाळापेक्षा व्यक्तीच्या भूतकाळाला अधिक वजन दिले. तलाठ्याचे दप्तर सोडणाऱ्याने सत्तेचे दप्तरही सोडले आणि जमिनीच्या प्रश्नाला धरून राहिला, एवढी सुसंगती त्यांना पुरेशी वाटली असावी.

त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने राजकीय वारे पूर्ण बदलले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हे एरवी परस्परांशी भांडणारे पक्ष एकत्र आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजराती व मराठी भाषकांचे द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्याचे मुख्यमंत्रिपद चव्हाण यांच्याकडे गेले. महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे, ही त्यांनी फलटण येथे मांडलेली भूमिका जिल्ह्यात अद्याप ताजी होती. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून निसटत्या फरकाने निवडून आले, आणि साताऱ्याची लोकसभेची जागा नाना पाटील यांनी जिंकली. त्यांचे गाव तोवर दक्षिण साताऱ्यात गेलेले असले, तरी प्रतिसरकारच्या आठवणीला ही नवी जिल्हासीमा ठाऊक नव्हती.

मतदानाची तत्कालीन पद्धतही अशा उमेदवाराला अनुकूल होती. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत असे, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कणीस-विळ्याची पेटी ओळखता येत होती. प्रौढ मताधिकाराने १९४६ चे वगळलेले लोक मतदार झाले होते, आणि भूमिगतांना दिलेल्या भाकरीचे राजकीय मोल या पेटीत पहिल्यांदाच मोजले गेले.

लोकसभेत नाना पाटील यांनी मराठीतून भाषण केल्याचे आवर्जून सांगितले जाते, आणि ते त्यांच्या संपूर्ण राजकारणाशी जुळणारे आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा समितीने याच जिल्ह्यात प्रचंड निदर्शने केली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, समितीला एकत्र बांधणारे सूत्र सुटले, आणि १९६२ मध्ये साताऱ्याची जागा काँग्रेसच्या किसन वीर यांच्याकडे, म्हणजे प्रतिसरकारच्याच एका जुन्या सहकाऱ्याकडे, गेली. त्याच वर्षी जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या, सहकारी साखर कारखाने वाढत होते, आणि पाणी, कर्ज व उसाचा भाव ठरवणाऱ्या संस्था काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या हाती एकवटत होत्या. कारखाना व बँक पाठीशी नसलेल्या नेत्याला या नव्या व्यवस्थेत जागा उरली नाही. तरीही १९६७ मध्ये मराठवाड्यातील बीडने, जेथे प्रतिसरकार कधी पोहोचले नव्हते, त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९५७ च्या या विजयाचे श्रेय केवळ भाषिक आंदोलनाच्या लाटेला देणे म्हणजे साताऱ्याच्या शेतकऱ्यांवर अन्याय करणे होय, कारण लाट अनेक मतदारसंघांत होती. लोकांचे स्वतःचे राज्य चालवून दाखवण्याचा अनुभव मात्र या भागाचा होता. निवडणुकीत बाहेरचा ठरणारा उमेदवार बहुधा सत्ताकेंद्रांच्या नजरेतून बाहेरचा असतो. ज्या गावांनी त्याचा न्याय पाहिला, त्याला आसरा दिला आणि त्याच्यासाठी गोळ्या झेलल्या, त्यांच्या दृष्टीने तो आधीपासून आतलाच असतो. प्रौढ मताधिकाराचे खरे मोल या दोन नजरांतील अंतर मोजण्यात आहे, आणि साताऱ्याने ते स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा वर्षांत मोजून दाखवले.