टोपीखालून आलेली बिअर

लांबच्या गाडीप्रवासात अनेकांचा एक दंडक असतो. संध्याकाळी मुक्कामाला पोचायचं, गाडी लावायची, किल्ली खोलीत ठेवून खाली यायचं आणि विचारायचं, ‘इथली कुठली आहे?’ इथली म्हणजे त्या गावची, त्या टापूतली बिअर. मीही याच पंथातला. पण या पंथात थोडी वर्षं काढली की एक गोष्ट खटकायला लागते. गाव बदलतं, भाषा बदलते, लेबलावरचा सिंह जाऊन गरुड येतो नाहीतर किल्ला येतो, ग्लासातला रंग मात्र बदलत नाही. बव्हेरियातलं खेडं असो, डेन्मार्कचं बंदर असो की गोव्याच्या किनाऱ्यावरचा शॅक, समोर येते ती बहुधा फिक्या सोनेरी रंगाची, आरपार दिसणारी, थंडगार बिअर. जगात खपणारी बहुतेक बिअर या एकाच कुळातली आहे. त्या कुळाचं मूळ गाव म्हणजे चेक देशातलं प्लझेन. मूळ पुरुषाची जन्मतारीखसुद्धा नोंदलेली आहे: ५ ऑक्टोबर १८४२.

आणि आपण जिला ‘इथली’ म्हणून मान देतो, तिच्या जन्मात तिथलं असं फारच थोडं होतं.

प्लझेन वसवलं बोहेमियाचा राजा दुसरा वाक्लाव याने, १२९५ मध्ये. त्याने गावातल्या २६० घरांना बिअर करून विकण्याचा हक्क दिला. हक्क घराला जोडलेला, माणसाला नाही. त्यामुळे बिअर कुणाची चांगली, कुणाची बेताची, कुणाची आंबून गेलेली. तेव्हाच्या बहुतेक बिअर रंगाने काळपट किंवा गढूळ तपकिरी असत. सातूला मोड आणून ते भट्टीवर वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. ही भट्टी लाकडावर चालायची, धूर थेट धान्यात शिरायचा आणि माल्ट करपायचंही. आंबवणारं यीस्ट उबेत काम करणारं, पिंपात वर फेसाळून येणारं; अशा बिअरला एल म्हणतात. उन्हाळ्यात अशी बिअर हमखास बिघडायची. १८३८ मध्ये प्लझेनच्या टाउन हॉलसमोर ३६ पिंपं बिअर पिण्यालायक नाही म्हणून ओतून दिली, असं सांगतात. हक्कदार घरवाल्यांना लाज वाटली की तोट्याची धास्ती, कोण जाणे. पण पुढच्याच वर्षी त्यांनी सगळ्यांचा मिळून एकच कारखाना काढायचं ठरवलं.

शेजारच्या बव्हेरियाचं याबाबतीत बरं चाललं होतं, आणि तेही एका सरकारी बंदीमुळे. १५५३ मध्ये तिथल्या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला मनाई केली. उन्हाळ्यातली बिअर नासते, म्हणून उन्हाळ्यात भट्ट्या बंद. बिअर करायची ती थंडीत आणि साठवायची तळघरात, बर्फाच्या संगतीने. पिढ्यान्‌पिढ्या फक्त थंडीत काम केल्याने तिथे आपोआप एक वेगळं यीस्ट टिकलं. ते थंडीत सावकाश काम करतं आणि शेवटी पिंपाच्या तळाशी बसतं; त्यातून होते ती लागर. हे यीस्ट म्हणजे दोन जातींचा संकर आहे. त्यातली एक जात नेहमीची, पाव फुगवणारी. दुसरी, थंडी सोसणारी, २०११ मध्ये शास्त्रज्ञांना सापडली ती थेट अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडावरच्या गाठींत. पुढे तिबेटातही तिचा माग लागला. ती बव्हेरियात कुठून आणि कशी पोचली, यावर अजून वाद चालू आहेत.

यीस्ट बव्हेरियाचं. धुराशिवाय माल्ट वाळवायची विद्या मात्र इंग्लंडची. तिथे भट्टीत लाकडाऐवजी कोक वापरत, धान्याला नुसती गरम हवा लागे आणि माल्ट फिकं राहून त्याला धुराचा वास लागत नसे. ही विद्या युरोपच्या मुख्य भूमीवर आली ती या क्षेत्रातल्या सर्वांत धमाल प्रवासातून. १८३३ मध्ये दोन तरुण इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघाले. म्युनिकच्या स्पाटन ब्रुअरीचा गाब्रिएल सेडलमायर बावीस वर्षांचा आणि व्हिएन्नाजवळच्या ब्रुअरीचा आंटोन ड्रेहर तेवीसचा. यजमान कौतुकाने कारखाने दाखवत होते आणि हे पाहुणे चोऱ्या करत होते. त्यांनी हातातल्या काठ्या आतून पोकळ करून घेतल्या होत्या, टोकाला झडप बसवलेली. आंबवणाच्या टाकीशी गप्पा मारताना काठी सहज आत बुडवायची, झडपेतून नमुना वर चढतो, काठी बाहेर काढायची आणि ‘वा, छान’ म्हणत पुढे सरकायचं. रात्री मुक्कामावर काठी रिकामी करून द्रवाची घनता मोजायची आणि टिपून ठेवायची. सेडलमायरने घरी पाठवलेल्या पत्रांत हे सगळं लिहिलंय. आजच्या भाषेत याला औद्योगिक हेरगिरी म्हणतील. मला विचाराल तर दारूच्या इतिहासातला इतका नामी प्रवास दुसरा नाही.

घरी परतल्यावर दोघांनी इंग्लिश भट्टी आणि बव्हेरियन यीस्ट यांचं लग्न लावलं. १८४१ मध्ये ड्रेहरची तांबूस व्हिएन्ना बिअर बाजारात आली. रंग उजळला होता, पण सोनेरी व्हायचा होता.

इकडे प्लझेनचा नवा कारखाना बांधणारा वास्तुतज्ज्ञ मार्टिन स्टेल्झर बव्हेरियातल्या ब्रुअऱ्या पाहून आला. कारखान्यात इंग्लिश पद्धतीची भट्टी बसवली गेली. बिअर करायला माणूसही बव्हेरियातूनच आणला: फिल्सहोफेनचा योझेफ ग्रोल, वय २९. हा गडी भलता तिरसट. सगळ्या बव्हेरियात याच्याइतका रांगडा माणूस नाही, असं खुद्द त्याच्या बापाचं मत होतं म्हणे. यीस्ट एका पळून आलेल्या मठवासी साधूने चोरून आणलं, अशीही एक गोष्ट प्लझेनमध्ये सांगतात. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. बव्हेरियातून पगारी माणूस येतोय म्हटल्यावर यीस्टसाठी साधूची गरज काय?

मग गावचं काय होतं? पाणी होतं. प्लझेनचं पाणी कमालीचं मऊ आहे, क्षार जवळपास नाहीतच. याउलट इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी जिप्समने जड, म्हणून तिथल्या फिक्या एलला एक करकरीत कडवटपणा येतो. प्लझेनच्या पाण्यात मात्र हॉप्सची फुलं सढळ हाताने टाकली तरी कडूपणा जिभेवर ओरखडत नाही, गोडसर माल्टच्या मागोमाग येतो आणि विरतो. हॉप्सही जवळचेच, झाटेत्सचे. त्या भागातली हॉप्सची शेतं आणि वखारी २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. ग्रोलने माल्टचा काढा तीनदा थोडा थोडा बाजूला काढून उकळला आणि परत मूळ काढ्यात ओतला. ही वेळखाऊ पद्धत तिथे आजही, तांब्याच्या भांड्यात आणि उघड्या जाळावर, तशीच चालते. ५ ऑक्टोबरला पहिला घाणा लागला. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या बाजारादिवशी, ती बिअर लोकांच्या ग्लासात आली.

ग्लासात, हे महत्त्वाचं. मातीच्या किंवा कथलाच्या मगात बिअरचा रंग कुणाला दिसतो? बोहेमियात काच बनायची आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली होती. सोनेरी रंगाचं कौतुक व्हायला तो आरपार दिसायला लागतो. १८६२ पर्यंत प्लझेन रेल्वेने एकीकडे प्राग आणि दुसरीकडे बव्हेरियाशी जोडलं गेलं, आणि पिंपं बाहेर निघाली.

ग्रोल मात्र टिकला नाही. त्याचा करार ३० एप्रिल १८४५ ला संपला, वाढवला गेला नाही आणि तो आपल्या गावी परतला. ज्याने जगाला सोनेरी बिअर दिली, तो तीन वर्षांच्या कंत्राटावर होता.

त्याच १८४५ मध्ये आणखी एक माणूस रस्त्यावर होता. कोपनहेगनचा याकोब ख्रिस्तियन याकोबसेन म्युनिकला सेडलमायरकडे आला आणि शेजारणीकडून विरजण मागावं तसं त्याने यीस्ट मागून घेतलं. एकेकाळी काठीतून नमुने चोरणाऱ्या सेडलमायरने ते खुशाल दिलं. आता हे जिवंत यीस्ट घोडागाडीने हजारेक किलोमीटर न्यायचं कसं? याकोबसेनने ते दोन डब्यांत भरलं आणि आपल्या उंच टोपीखाली ठेवलं. वाटेत जिथे घोडे बदलायचे, तिथे उतरून डब्यांवर गार पाणी ओतायचं, की पुढचा टप्पा. यीस्ट जिवंत पोचलं. दोन वर्षांनी त्याने कार्ल्सबर्ग ब्रुअरी काढली. १८८३ मध्ये तिथल्याच प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायची रीत शोधली आणि कार्ल्सबर्गने ती दडवून न ठेवता सगळ्यांना खुली केली. दरम्यान १८७३ मध्ये कार्ल फॉन लिंडेने आपलं थंडावा निर्माण करणारं यंत्र पहिल्यांदा चालवून पाहिलं ते याच सेडलमायरच्या स्पाटनमध्ये. आता बर्फाची आणि हिवाळ्याची गरज उरली नाही. सोनेरी बिअर गरम देशांत जायला मोकळी झाली.

आपल्याकडे तोवर इंग्रजांच्या एलचं राज्य होतं. एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला ब्रुअरी काढली, का तर हवा थंड आणि झऱ्याचं पाणी चांगलं. हा डायर म्हणजे जालियनवाला बागेतल्या डायरचा बाप. त्या ब्रुअरीची ‘लायन’ शतकभर इंग्लिश पद्धतीची एल होती. १९६० च्या दशकात तीसुद्धा प्लझेनच्या कुळात गेली, लागर झाली. टोपीवाल्या याकोबसेनच्या कार्ल्सबर्गचा कारखाना तर आता आपल्या छत्रपती संभाजीनगरला आहे. शहराजवळच्या वाळूजच्या परिसरात इतके बिअरचे कारखाने आहेत, की २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाला त्यांच्या पाण्यात कपात करावी लागली. बिअरचं पहिलं बंधन पाणी, हे तेव्हा आपल्याला वेगळ्या अर्थाने कळलं.

तरी महाराष्ट्रात मुक्कामाला ‘इथली कुठली?’ विचारून फारसा उपयोग नाही. आपल्याकडे बिअर स्थानिक होते ती पाण्यामुळे नाही, अबकारी खात्यामुळे. दर राज्याचा कर वेगळा, म्हणून एकच ब्रँड प्रत्येक राज्यात वेगळा बनतो आणि लेबलावर छापलेलं असतं, ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’. बांद्याच्या नाक्यावर गोव्याची बाटली पकडली तर ती दिवसभरासाठीसुद्धा इथली होत नाही. पुण्यात गेल्या दीड दशकात ज्या मायक्रोब्रुअऱ्या निघाल्या, त्यांच्याकडे मात्र हा प्रश्न विचारायला अर्थ आहे.

ज्यांना मूळ गावीच जायचं असेल, त्यांच्यासाठी रस्ता सोपा आहे. जर्मनीच्या बाजूने रोझ्वाडोवला चेक हद्द ओलांडली की डी ५ महामार्ग थेट प्लझेनला नेतो. ब्रुअरीच्या खाली खडकात खोदलेली सुमारे नऊ किलोमीटर तळघरं आहेत. फेरफटक्याच्या शेवटी तिथे ओकच्या पिंपातून न गाळलेली, किंचित धूसर बिअर हातात देतात. ओतणाराचा हात पाहण्यासारखा. ग्लास आधी गार पाण्यात विसळतो, ओलाच राहू देतो, तोटी अर्धवट उघडून प्रथम दाट ओला फेस भरतो, मग तोटीचं तोंड फेसाखाली नेऊन बिअर सोडतो. फेस वर चढतो तो तीन बोटं जाड, साईसारखा बसलेला. फेस काढून टाका म्हणाल तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. फेसाखालची बिअर हवेपासून वाचते, हे त्याला ठाऊक असतं.

आणखी एक. तिथल्या पाटीवर १० आणि १२ अंश लिहिलेले दिसतील. ते अल्कोहोलचे टक्के नव्हेत. प्रागचे प्राध्यापक कार्ल बालिंग यांनी बसवलेलं हे माप आंबवण्याआधी काढ्यात किती साखर-सार होतं ते सांगतं. बारा अंशांच्या मूळ प्लझेन बिअरमध्ये अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या आतच असतं, आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’च्या निम्म्याच्या आसपास. पण म्हणून गाडी चालवायला मोकळं, असं समजू नका. चेक देशात चालकाच्या रक्तात अल्कोहोलची मुभा शून्य आहे. सकाळी लवकर निघायचं असेल तर आदल्या रात्रीच्या शेवटच्या ग्लासाचा हिशेब करा. गाडी चालवणाऱ्यासाठी तिथे जवळपास प्रत्येक ठिकाणी बिरेल नावाची बिनअल्कोहोलची बिअर मिळते, ती मागवा. आणि जमलं तर प्लझेनला एक रात्र मुक्काम कराच. ब्रुअरी संग्रहालयाला लागून ‘ना पार्कानू’ नावाची खानावळ आहे. न गाळलेली बिअर तिथेही मिळते.