अँग्विला: ब्रिटिशांच्याच ताब्यात राहण्यासाठी बंड करणारं बेट

एआय कंपन्यांच्या वेबसाइटचा पत्ता नीट पाहा, शेवटी बऱ्याचदा ‘डॉट एआय’ असतं. अनेकांना ते आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं लघुरूप वाटतं. पण भारताचं जसं ‘डॉट इन’, तसं हे कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाचं आहे. लोकसंख्या जेमतेम १५-१६ हजार.

बेट साधारण २६ किलोमीटर लांब आणि फार तर ५ किलोमीटर रुंद. या लांबट आकारावरून नाव पडलं. अँग्विला म्हणजे ईल, आपल्याकडची वाम. शब्द स्पॅनिशांनी दिला की फ्रेंचांनी, यावर एकमत नाही. मूळ रहिवासी बेटाला मॅलिओहाना म्हणत, असं सांगतात. सेंट मार्टिनच्या उत्तरेला असलेलं हे बेट सपाट, चुनखडीचं. नदी नाही, पाऊस कमी. त्यामुळे शेजारच्या बेटांसारखे उसाचे मोठे मळे इथे टिकले नाहीत. राजधानीचं नाव द व्हॅली.

१६५० पासून इंग्रजांची वसाहत. पण १९६७ मध्ये ब्रिटनने अँग्विलाला सेंट किट्स आणि नेव्हिससोबत एका अंतर्गत स्वायत्त राज्यात बांधलं. कारभार सुमारे १०० किलोमीटर दूरच्या सेंट किट्सवरून चालणार होता आणि तिथल्या सरकारला आपली पर्वा नाही, ही अँग्विलाकरांची जुनी तक्रार. ३० मे १९६७ ला त्यांनी सेंट किट्सचे पोलीसच बेटावरून हाकलले. जुलैत सार्वमत झालं: वेगळं होण्याच्या बाजूने १८१३ मतं, विरोधात ५! आंदोलनाचे नेते होते रोनाल्ड वेब्स्टर.

ब्रिटन ऐकेना, तेव्हा १९६९ च्या सुरुवातीला बेटाने स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं. मार्चमध्ये ब्रिटिश पॅराट्रूपर्स आणि सोबत लंडनचे पोलीस किनाऱ्यावर उतरले. लढाई झालीच नाही. लोकांना हवा होता तो थेट ब्रिटिश कारभारच, आणि हळूहळू तोच मिळाला. १९ डिसेंबर १९८० ला अँग्विला कागदोपत्री वेगळं झालं.

आज ते ब्रिटनचं परदेशी प्रदेश आहे, स्वतंत्र देश नाही. पंतप्रधानासारखा प्रीमियर लोक निवडतात, गव्हर्नर ब्रिटनचा राजा नेमतो. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण लंडनकडे. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अस्वशासित प्रदेशां’च्या यादीत ते अजून आहे.

आता त्या दोन अक्षरांकडे येऊ. नावाची पहिली दोन अक्षरं घेतली तर कोड ‘एएन’ होतो, पण तो नेदरलँड्स अँटिलीसकडे होता. अँग्विलाच्या वाट्याला ‘एआय’ आलं आणि १९९५ मध्ये त्यावरचं डोमेन सुरू झालं. चॅटजीपीटीनंतर नोंदणीची झुंबड उडाली. २०२३ मध्ये त्यातून सुमारे ३.२ कोटी अमेरिकन डॉलर आले, म्हणजे सरकारच्या महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. इतक्या लहान बेटासाठी हा अक्षरशः लॉटरीचा आकडा आहे.

३० मे आजही तिथे ‘अँग्विला दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शिडाच्या होड्यांची बेटाभोवती शर्यत लागते.